चांद रोज वेगळा का दिसतो?

रमजानच्या २९ तारखेला मगरिबच्या वेळी आपली सगळ्यांची नजर पश्चिमेला. साताऱ्यात यवतेश्वरचा डोंगर आडवा येतो, सांगलीत कृष्णाकाठी आभाळ मोकळं. चांद दिसला नाही की घरोघरी वाद ठरलेलाच!

चांदाला स्वतःचा उजेड नाही. त्याची सूर्याकडची अर्धी बाजू कायम उजळलेली असते. तो पृथ्वीभोवती फिरतो तसा त्या उजळ बाजूचा आपल्याला दिसणारा भाग बदलतो, इतकंच. पृथ्वीच्या सावलीमुळे चांद लहान होतो असं पुष्कळांना वाटतं. ती सावली फक्त ग्रहणात पडते.

अमावस्येला उजळ बाजू पलीकडे असते. पुढे चांद रोज साधारण १२ अंश सूर्यापासून दूर सरकतो आणि बारीक कोर दिसू लागते. अमावस्या ते अमावस्या सुमारे साडेएकोणतीस दिवस, म्हणून महिना कधी २९चा, कधी ३०चा.

मक्केत सूर्य आपल्यानंतर दोन तासांहून जास्त उशिरा मावळतो. तेवढ्यात चांद आणखी अंशभर सरकतो, म्हणून तिथे दिसलेली कोर त्याच संध्याकाळी इथे दिसेलच असं नाही. सांगलीत दिसली आणि साताऱ्यात नाही, तर ते मात्र बहुतेक डोंगराचं नाहीतर ढगांचं काम.