आधी सही, मग आत

रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्यातल्या एमआयडीसीच्या शेड घटकाभर विसरा. 1907 चा डिसेंबर आहे. बैलगाडी तुम्हाला रत्नागिरी बंदरावर सोडते. पुढे मचव्यातून आगबोटीवर, मग मुंबई आणि तिथून रेल्वेनं सुरत. काँग्रेसचं अधिवेशन खरं तर नागपूरला ठरलं होतं. तिथे टिळकांच्या बाजूचा जोर वाढतोय म्हटल्यावर ते फिरोजशहा मेहतांच्या वजनाखालच्या सुरतेत हलवलं. सामना मात्र तुमच्या घरचाच. जहालांचे टिळक रत्नागिरीत जन्मलेले, मवाळांचे गोखले गुहागरकडच्या कोतळूकचे.

फ्रेंच गार्डनमधल्या मंडपात तुम्ही प्रेक्षकाचं तिकीट दाखवून शिरता. बसा, ऐका, टाळ्या वाजवा. बोलायचा आणि मत द्यायचा हक्क प्रतिनिधींचा, आणि ते 1600 च्या आसपास. 26 तारखेला अध्यक्षपदासाठी रासबिहारी घोष यांचं नाव येतं, सुरेंद्रनाथ बॅनर्जी अनुमोदनाला उभे राहतात आणि असा गलका उठतो की सभा तहकूब करावी लागते.

27 ला सभा पुन्हा भरते. टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवींकडे चिठ्ठी धाडली आहे: अनुमोदन झालं की मला तहकुबीची सूचना मांडायची आहे, माझं नाव पुकारा. उत्तर येत नाही. आठवण पाठवतात, तरी नाही. बॅनर्जी भाषण पुरं करतात, मोतीलाल नेहरू पाठिंबा देतात, आणि 'हो', 'नाही' दोन्ही कानांवर आदळत असताना मालवी निवड जाहीर करून मोकळे होतात. घोष भाषणाला उभे राहिले, तोवर टिळक मंचावर.

आता नीट ऐका, कारण पेच सगळा इथेच आहे. मालवी म्हणतात, तुमची सूचना नियमात बसत नाही. घोष म्हणतात, अध्यक्ष मी आहे, खाली बसा. टिळक म्हणतात, निवडच रीतसर झालेली नाही, तेव्हा अध्यक्ष कुठले? मी प्रतिनिधींकडे दाद मागतोय. हाताची घडी घालून ते जागचे हलत नाहीत. काही तरुण त्यांना खेचायला धावतात तेव्हा दोन्ही हात पसरून मध्ये येतात ते गोखले! तेवढ्यात खालून एक दख्खनी जोडा भिरभिरत येतो, बॅनर्जींना लागून मेहतांवर आदळतो. पुढे खुर्च्या आणि काठ्या.

शाळेत आपल्याला हा जोडाच शिकवला. माझ्या मते सुरतेतली महत्त्वाची वस्तू ती चिठ्ठी. अध्यक्ष निवडला जाण्याआधी कोण बोलू शकतो आणि कोणाला विचारून, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. आज मिरजोळ्याच्या सरपंचावर अविश्वास ठराव आलाच, तर ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 35 आहे: खास सभा तहसीलदार बोलावणार, अध्यक्षस्थानी तोच बसणार, आणि ज्याच्यावर ठराव आहे त्या सरपंचाला तिथे बोलायचा, मत द्यायचासुद्धा हक्क. नको असलेल्या माणसाला तोंड उघडू द्यायचं, हे कायद्यानंच बजावून ठेवलंय.

28 तारीख. तोच मंडप, पण दाराशी पोलीस. आत मवाळांची परिषद, आणि कालचं तुमचं तिकीट आज रद्दी. प्रवेश फक्त सही करणाऱ्या प्रतिनिधींना. शेजारच्याच्या हातातला कागद वाचून घ्या. पहिलं कलम: साम्राज्यातल्या इतर स्वशासित घटकांसारखं स्वराज्य हे ध्येय. दुसरं: मार्ग निखळ सनदशीर. तिसऱ्यावर थांबा. सभा शिस्तीत चालाव्यात आणि त्या चालवणाऱ्यांच्या अधिकारापुढे सगळ्यांनी मान तुकवावी. म्हणजे काल ज्या मुद्द्यावर भांडण झालं, त्याचा निकाल आज प्रवेशपत्रिकेतच. ज्याला तो मान्य नाही, तो आत येऊन हरकत घेणार कसा? मवाळांची बाजूही समजते. काल डोक्यावर खुर्च्या पडलेल्या माणसांनी दार लावून घेतलं तर नवल नाही. पण जहालांच्या निवेदनानुसार, सही करायला तयार असलेल्या त्यांच्या काही जणांनाही आत सोडलं नाही.

टिळक समेटाचा निरोप पाठवतात: आदल्या वर्षीच्या कलकत्ता अधिवेशनातले ठराव राखा, घोषांना विरोध सोडतो. उपयोग होत नाही. मग जहालांची वेगळी सभा भरते, अध्यक्ष अरविंद घोष.

एप्रिल 1908 मध्ये अलाहाबादेत ध्येयाची ही सही काँग्रेसच्या घटनेतच गेली. जूनमध्ये टिळकांना अटक झाली, पुढे मंडालेचा तुरुंग. 1915 मध्ये गोखले आणि मेहता दोघेही वारले, आणि त्याच डिसेंबरात मुंबईच्या अधिवेशनात प्रतिनिधी निवडण्याचे नियम सैल झाले. 1916 मध्ये टिळक लखनौच्या अधिवेशनाला पोचले ते ध्येयाचं कलम स्वीकारूनच. ते कलम बदललं 1920 च्या डिसेंबरात, नागपूरला. टिळक ऑगस्टमध्येच गेले होते.