दोन गाद्यांची यादवी : कारणे आणि परिणाम

आपसांतल्या युद्धाला मराठीत ‘यादवी’ म्हणतात. हा शब्द एका पुराणकथेतून आला. ऋषींच्या शापातून जन्मलेले लोखंडी मुसळ यादवांनी कुटून त्याचे चूर्ण केले, ते समुद्रात टाकले आणि संकट टळले असे मानले. लाटांनी ते चूर्ण किनाऱ्याला आणले, त्यातून गवत उगवले. पुढे प्रभासक्षेत्री भांडण पेटले तेव्हा तेच गवत शस्त्र झाले आणि कुळाचा नाश झाला. यादवी कशी मिटवली जाते यावर पुढचा इतिहास अवलंबून असतो, हे सांगणारी याहून नेमकी कथा सापडणे कठीण. मराठ्यांच्या इतिहासात १७०७ ते १७३१ या काळात सातारा आणि कोल्हापूर यांच्यात जी यादवी झाली, तिच्याकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

तिची मुळे औरंगजेबाविरुद्धच्या दीर्घ युद्धात होती. १६८९ च्या मार्चमध्ये छत्रपती संभाजीमहाराजांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड पडला आणि महाराणी येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराममहाराज जिंजीला निघून गेले. या संकटात राज्य टिकले ते रामचंद्रपंत अमात्य, शंकराजी नारायण, संताजी घोरपडे, धनाजी जाधव अशा कर्तबगार माणसांमुळे. परंतु त्याची किंमत मोजावी लागली. शिवछत्रपतींचा कल सैन्याला सरकारातून रोख वेतन देण्याकडे होता. लष्करी चाकरीबद्दल जहागिरी तोडून देणे त्यांना मान्य नव्हते. आता औरंगजेब मराठे सरदारांना वतनांची आमिषे दाखवू लागला, तेव्हा राजाराममहाराजांनाही वतने आणि जहागिरी देऊ करणे भाग पडले. खजिना रिता होता; देण्यासारखी वस्तू एकच होती, ती म्हणजे जमिनीवरचा हक्क. राज्य त्यामुळे तगले, परंतु निष्ठेला मोबदला ठरवून मागता येतो, हे सरदारांना कळून चुकले.

१७०० च्या मार्चमध्ये राजाराममहाराज सिंहगडावर निवर्तले. ताराबाईंनी आपल्या मुलाला गादीवर बसवून सात वर्षे औरंगजेबाशी झुंज दिली. १७०७ मध्ये बादशहा अहमदनगरजवळ मरण पावला आणि त्याच्या मुलांत तख्तासाठी लढाई जुंपली. उत्तरेकडे निघालेल्या शहाजादा आझमशहाने झुल्फिकारखानाच्या सल्ल्याने मे महिन्यात शाहूंची सुटका केली. येसूबाई मात्र ओलीस राहिल्या. मराठ्यांच्या गादीला दोन वारस झाले तर दक्षिणेकडून मोगलांना त्रास होणार नाही, हा त्यामागचा हिशेब होता. आझमशहा स्वतः जूनमध्ये जाजऊच्या लढाईत मारला गेला. त्याने टाकलेला डाव मात्र चालू राहिला.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. या यादवीत एक पक्ष न्यायाचा आणि दुसरा अन्यायाचा, अशी सरळ वाटणी नव्हती. शाहू हे वडील शाखेचे वारस होते आणि सुमारे साडेसतरा वर्षे कैदेत राहूनही त्यांनी आपला हक्क सोडलेला नव्हता. ताराबाईंचे म्हणणे असे की, संभाजीमहाराजांचे राज्य शत्रूने घेतले. आज उभे आहे ते राजाराममहाराजांनी आणि नंतर स्वतः त्यांनी नव्याने मिळवलेले राज्य. एका बाजूला वारसा, दुसऱ्या बाजूला पराक्रम. दोन्ही हक्क खरे, म्हणून तडजोड अवघड. ताराबाईंनी शाहूंना तोतया ठरवले, तेव्हा परसोजी भोसल्यांनी शाहूंच्या पंक्तीला एका ताटात जेवून संशय फेडल्याचे सांगतात.

१७०७ च्या ऑक्टोबरमध्ये भीमेकाठी खेड येथे दोन्ही सैन्ये समोरासमोर आली. ताराबाईंच्या फौजेची धुरा वाहणाऱ्या धनाजी जाधवांनी शाहूंची बाजू घेतली आणि लढाईचा निकाल लागला. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला. तरीही यादवी संपली नाही. १७०९ मध्ये दोन्ही पक्षांनी बहादूरशहाकडे सनदा मागितल्या. खरा वारस कोण हे तुम्हीच आपसांत ठरवा, अशी भूमिका घेऊन बादशहाने भांडण जिवंत ठेवले. एकाच गावावर हक्क सांगणारे दोन छत्रपती आणि तिसरा मोगल सुभेदार, अशा काळात रयतेचे किती हाल झाले असतील याची कल्पना करता येते.

या काळात खरे बळ वाढले ते दोन्ही गाद्यांच्या मध्ये उभ्या असलेल्या सरदारांचे. धनाजींचे पुत्र चंद्रसेन बाळाजी विश्वनाथांशी बिनसताच ताराबाईंकडे गेले आणि पुढे निजामाला मिळाले. १७१३ च्या नोव्हेंबरमध्ये बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळाले. त्यांनी कान्होजी आंग्र्यांना शाहूंच्या पक्षात आणले ते तलवारीने नव्हे, तर किनाऱ्यावरचे किल्ले आणि सरखेलपद त्यांच्याकडे कायम ठेवून. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर राजवाड्यातच उलथापालथ झाली. राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले आणि ताराबाई कैदेत पडल्या. याच कोल्हापूरच्या दरबारात पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ सिद्ध केले. वतनदारांच्या वाढत्या बळाबद्दल त्यात दिलेला इशारा हा या यादवीचा अनुभवच होता.

बाळाजी विश्वनाथांनी १७१९ मध्ये दिल्लीहून स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी यांच्या सनदा आणल्या. त्याच वेळी येसूबाईही परतल्या. चौथाईचा चौथा हिस्सा राजबाबती म्हणून छत्रपतींकडे आणि उरलेल्यातील बहुतेक भाग मोकासा म्हणून सरदारांकडे, अशी वाटणी ठरली. यादवीच्या गरजेतून निघालेली सरदारांची हिस्सेदारी आता राज्याची घडीच बनली.

तिच्या जोरावर विस्तार झपाट्याने झाला. होळकर, शिंदे आणि पवार माळव्यात, गायकवाड गुजरातेत, भोसले वऱ्हाड-नागपूरकडे पसरले. इंदूर, ग्वाल्हेर, धार, देवास, बडोदे या शहरांत मराठी भाषा, मराठी दप्तरे आणि मराठी कुटुंबे स्थिरावली, त्याची पूर्वपीठिका या हिस्सेदारीत आहे. महाराष्ट्राबाहेर मराठीचे जे जुने घर आहे, त्याच्या पायाचे काही दगड त्या यादवीत घडले.

दुसरी बाजूही तितकीच खरी. गादीच्या वादाचा आधार घेऊन निजामाने चौथाई अडवली आणि कोल्हापूरकर संभाजींना जवळ केले. १७२८ मध्ये पालखेडला पहिल्या बाजीरावांनी त्याला कोंडीत पकडले. अखेर १३ एप्रिल १७३१ रोजी वारणेचा तह झाला आणि वारणेच्या दक्षिणेस कोल्हापूरचे स्वतंत्र राज्य मान्य झाले. शाहूंनी पराभूत भावाला नामशेष केले नाही. त्यांचे हे औदार्य त्या काळात विरळा. परंतु त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला, वारणेपासून दूर डभईजवळ, गुजरातच्या चौथाईवरून पेशवे आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे लढले होते आणि त्यात दाभाडे पडले होते. दोन छत्रपतींचे भांडण मिटत असतानाच सरदारांचे भांडण सुरू झाले होते.

पुढची साखळी परिचित आहे. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावांनी वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. प्रत्येक वेळी घरातल्या एका पक्षाने घराबाहेरचा मध्यस्थ शोधला आणि प्रत्येक वेळी त्या मध्यस्थाने आपली फी मुलखात वसूल केली. १८१८ मध्ये पेशवाई संपली.

म्हणून यादवीचे परिणाम मोजताना रणांगणावर कोण जिंकले एवढेच पाहून चालत नाही. जिंकणाऱ्याने जिंकण्यासाठी काय देऊन टाकले, हे पाहावे लागते. शाहूमहाराजांनी आणि बाळाजी विश्वनाथांनी समोरचे संकट टाळले, आणि त्या परिस्थितीत दुसरा मार्ग दाखवणे आजही सोपे नाही. त्यांच्या तडजोडीने मराठी माणूस नर्मदेपलीकडे पोहोचला. त्याच तडजोडीने सरदाराला छत्रपतींहून आपला मुलूख जवळचा वाटू लागला. वारणेच्या तहानंतर ताराबाई साताऱ्यात राहिल्या आणि १७६१ च्या डिसेंबरमध्ये, पानिपताची बातमी ऐकून, त्यांनी डोळे मिटले. एका आयुष्यात त्यांनी राज्याची जिद्द, दुफळी, विस्तार आणि पहिला मोठा आघात हे सारे पाहिले. समुद्रात टाकलेले चूर्ण किनाऱ्याला लागायला तेवढा काळ पुरला होता.