सातला दोनने भागले तर?

१ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे दशमान नाणी आली. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. जुनी नाणीही काही काळ चालत राहिली, त्यामुळे एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे हा हिशेब दुकानदाराच्या मागे लागला. संगणकाच्या जगातही असेच एक स्थित्यंतर होऊन गेले.

पायथन ही संगणकभाषा १९९१ साली प्रसिद्ध झाली. पुढे तिच्याभोवती अनेक ‘लायब्ररी’ उभ्या राहिल्या. लायब्ररी म्हणजे कोणालाही वापरता येतील अशा तयार आज्ञावलींचा संग्रह. आम्हा संशोधकांची कितीतरी गणिते ‘नमपाय’ या लायब्ररीच्या आधारावर चालतात. पण लायब्ररीचा आधार असते ती भाषा. तीच बदलली तर?

३ डिसेंबर २००८ रोजी पायथनची तिसरी आवृत्ती आली. जुन्या उणिवा दूर करण्यासाठी ती दुसरीशी जाणूनबुजून विसंगत ठेवली होती. दुसरीत ७/२ चे उत्तर ३ येई, तिसरीत ३.५ येते. यूटीएफ-८ पद्धतीने लिहिलेल्या ‘मराठी’ या शब्दाची लांबी दुसरीत १५ भरे, कारण तेथे बाइट मोजले जात. तिसरीत ती ५ भरते : म, र, काना, ठ, वेलांटी.

‘प्रिंट’ या आज्ञेला आता कंस लागतात. ते विसरले तर संगणक लगेच अडतो आणि चूक कळते. भागाकाराचे तसे नाही. निरीक्षणांचे दहादहांचे गट पाडणाऱ्या आमच्या एका जुन्या आज्ञावलीत ३७/१० म्हणजे ३ असे गृहीत होते. नव्या आवृत्तीत ३.७ आले, गट विस्कटले. आज्ञावली मात्र तक्रार न करता चालत राहिली.

लायब्ररी लिहिणाऱ्यांपुढे पेच होता. लायब्ररी तयार नाहीत म्हणून लोक नव्या आवृत्तीकडे जाईनात. लोक जात नाहीत म्हणून लायब्ररी बदलण्याची निकड भासेना. मग एकच आज्ञावली दोन्ही आवृत्त्यांत चालेल अशी लिहिण्याचा मार्ग रूढ झाला. त्यासाठी ‘सिक्स’ नावाची छोटी लायब्ररी निघाली. २ गुणिले ३ बरोबर ६, म्हणून हे नाव! भाषेनेही एक पाऊल मागे घेतले : युनिकोड मजकुरापुढे ‘यू’ लिहिण्याची जुनी खूण २०१२ मध्ये ३.३ या आवृत्तीत परत आली. नमपायने २०१० पासून दोन्ही आवृत्त्या सांभाळल्या आणि २०१९ मध्ये दुसरीची साथ सोडली. दुसरीला निरोप देण्यासाठी आधी २०१५ हे वर्ष ठरले होते; प्रत्यक्षात १ जानेवारी २०२० उजाडले.

यातून आम्ही एक सवय लावून घेतली. प्रत्येक आज्ञावलीसोबत भाषेच्या आणि लायब्ररीच्या आवृत्तीचा क्रमांक लिहून ठेवायचा, आणि हाताने सोडवलेले एक उदाहरणही. आवृत्ती बदलली की आधी ते उदाहरण संगणकाकडून करून घ्यायचे. वर्गात आपण ‘ताळा करून पाहा’ म्हणतो, तेच हे.