‘खर्चासह’

चवदार तळ्याच्या दाव्याबद्दल आपण बोलतो आणि निकालापाशी थांबतो. अनादि वहिवाट सिद्ध होत नाही, असे म्हणून १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांनी स्पृश्यांचे अपील खर्चासह फेटाळले. (हेच ब्रूमफील्ड १९२२ मध्ये गांधींना सहा वर्षांची शिक्षा देणारे.) ‘खर्चासह’ हा शब्द आपण वाचून पुढे जातो. मीही जात होतो. आमच्या वतनी जमिनीच्या दाव्याचा १९९९ चा हुकूमनामा घरच्या ट्रंकेत सापडला तेव्हा अडखळलो. दावा चौदा वर्षे चालला, आम्ही जिंकलो, आणि तळाशी आम्हाला मिळायच्या खर्चाचा आकडा होता : चारशे बारा रुपये.

“वसूल का नाही केले?” मी वडिलांना विचारले.

“त्यासाठी परत दरखास्त, परत वकील, परत एस.टी.चं भाडं. आणि ज्याच्याकडून घ्यायचे त्याच्याच बांधावरून आपली वाट.”

आता महाडचा हिशेब पाहा. दावा १२ डिसेंबर १९२७ चा. दोनच दिवसांत तात्पुरता मनाईहुकूम निघाला, आणि सत्याग्रहासाठी २५ तारखेला जमलेले हजारो लोक पाण्याला हात न लावता परतले. मनाई २३ फेब्रुवारी १९२८ ला उठली. त्या माणसांची बुडालेली मजुरी, पायपीट, शिदोरी कोणत्या कोर्टाच्या खर्चात बसते? तिथे बसते ती कोर्ट फी, ठरावीक दराची वकील-फी, समन्सचा आणि साक्षीदारांचा खर्च. महाडला १९३१ मध्ये, ठाण्याला १९३३ मध्ये, आणि शेवटी मुंबईत हरेपर्यंत वादींनी सव्वानऊ वर्षे घेतली. दावा किती काळात संपवायचा याचे घड्याळ त्यांच्यामागे नव्हते. जिंकणाऱ्यामागे मात्र होते : १९०८ च्या मुदतीच्या कायद्याने अंमलबजावणीची दरखास्त तीन वर्षांत द्यावी लागे, नाहीतर हुकूमनामा कागद उरे. खर्चावर सहा टक्क्यांपर्यंत व्याज देण्याची दिवाणी संहितेतली तरतूदही १९५६ मध्ये काढून टाकली गेली. म्हणजे उशीर जितका लांबेल तितका देणाऱ्याचाच फायदा.

१९६३ च्या कायद्याने ही मुदत बारा वर्षांची केली. आमच्या हुकूमनाम्याची बारा वर्षे २०११ मध्ये भरली. मी तेव्हा एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो आणि परीक्षेची फी वडिलांनी उसनवारीने आणली होती.