केलेलं, करवलेलं आणि अनुमोदलेलं



तिसरीतल्या नातवाच्या शाळेत जालियनवाला बागेवर नाटुकलं झालं. फटाक्यांच्या आवाजावर मुलं धडाधड खाली पडली, टाळ्या झाल्या. रात्री पोरगा कुशीत शिरून विचारतो, "आजी, इंग्रज दिसला की मारायचा का?" सून म्हणाली, "आई, एवढ्या लहानांना हे सांगूच नये." मला नाही पटलं. सांगितलं नाही तर मनात उरतात ते नुसते फटाके आणि टाळ्या.

दुसऱ्या दिवशी सामायिक झाल्यावर मी त्याला जवळ बसवलं. 1919 सालच्या 9 एप्रिलला अमृतसरात रामनवमीच्या मिरवणुकीत मुसलमानही सामील झाले होते. दुसऱ्या दिवशी सरकारने डॉ. सत्यपाल आणि डॉ. किचलू या पुढाऱ्यांना शहराबाहेर नेलं. लोक जाब विचारायला निघाले, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मग जमावानेही काही इंग्रजांना ठार मारलं. मिशनच्या शाळा पाहणाऱ्या शेरवूडबाईंना गल्लीत बेदम मारलं. त्यांना वाचवलं तेही तिथल्याच लोकांनी.

13 एप्रिलला बैसाखी होती. तिथीने पाहिलं तर चैत्र शुद्ध त्रयोदशी, आपली महावीर जयंती! त्याच संध्याकाळी जनरल डायरने बागेतल्या निःशस्त्र लोकांवर, इशाराही न देता, सुमारे दहा मिनिटं गोळीबार करवला. 1650 गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारी आकड्यानेच 379 माणसं गेली.

रक्ताचं वर्णन मी केलं नाही. विचारलं, "पाप कोणाचं?"

"डायरचं."

"आणि बंदुका कोणाच्या हातात होत्या?" त्या गुरखा आणि बलुची शिपायांच्या हातात होत्या. मग त्याला आपले प्रतिक्रमणातले शब्द समजावले: केलेलं, करवलेलं, अनुमोदलेलं. शिपायांनी केलं, डायरने करवलं. आणि पुढे विलायतेत एका वर्तमानपत्राने डायरसाठी वर्गणी काढली, तेव्हा 26,000 पौंडांहून जास्त रक्कम जमली. ती अनुमोदना. पण तिथल्याच पार्लमेंटात चर्चिलने या कृत्याचा निषेधही केला. म्हणून 'सगळे इंग्रज' असं म्हणायचं नाही.

पोरगा बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "आजी, पडल्यावर मीपण टाळ्या वाजवल्या. ती पण अनुमोदना?"

मला चटकन उत्तर सुचेना. त्या टाळ्या तर आम्ही मोठ्यांनीच आधी वाजवल्या होत्या, मीही वाजवल्या होत्या. शेवटी दोघांनी मिळून 'मिच्छामि दुक्कडं' म्हटलं. इंग्रजाला मारायचं का, हे त्याने पुन्हा विचारलं नाही.