जुनी आरएक्स-१०० घरी उभी करायची तर : कागद, इंजिन आणि खर्चाचा हिशेब

सीमाभागात अशी घरं बरीच सापडतील जिथे पडवीत, गोठ्याच्या कडेला किंवा जिन्याखाली एक यामाहा आरएक्स-१०० गोणपाटाखाली पडून आहे. वडिलांनी किंवा काकांनी घेतलेली, शेवटची कधी चालू झाली ते कुणाला आठवत नाही. भंगारवाला दारात येऊन वजनावर भाव सांगतो, आणि हौशी गिऱ्हाईक त्याच गाडीला लाखाची भाषा करतो. मधल्यामध्ये घरातल्या पोराला वाटतं, आपणच चालू करूया. करता येते. पण कुठल्या क्रमाने करायची हे ठरलं नाही तर पैसा रंगात जातो आणि गाडी तिथंच राहते.

आधी गाडीची ओळख. एस्कॉर्ट्स आणि यामाहा यांच्या सहकार्यातून १९८५ च्या शेवटी आरएक्स-१०० भारतात आली, सुरुवातीला जपानहून आलेले सुटे भाग इथं जोडून. तेव्हा बाजारात इंड-सुझुकी, हिरो होंडा सीडी-१०० होत्या, पाठोपाठ कावासाकी बजाजही आली. बाकीच्या मायलेज सांगायच्या, ही पिकअप सांगायची. इंजिन ९८ सीसी, टू-स्ट्रोक, ताकद ११ बीएचपी, वजन शंभर किलोच्या आसपास. बोअर ५० मिमी आणि स्ट्रोकही ५० मिमी. या हलक्या वजनामुळेच तिला आपल्याकडे स्पोर्ट गाडीचा मान मिळाला, नाहीतर पुढे-मागे ड्रम ब्रेक आणि चार गिअर एवढाच तिचा संसार. १९९६ मध्ये उत्पादन थांबलं. म्हणजे आज रस्त्यावरची प्रत्येक आरएक्स-१०० किमान पंचवीस-तीस वर्षांची आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने हाच सगळ्यात मोठा मुद्दा.

पान्याला हात लावण्याआधी आरसी

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी फॉर्म २५. दुचाकीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून १,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपेक्षा जुन्या दुचाकीसाठी ती २,००० करण्यात आली. उशिराचा दंड आणि राज्याचा हरित किंवा पर्यावरण कर वेगळा. कर प्रत्येक राज्यात निराळा आहे, म्हणून आपल्या आरटीओत आधी एकूण आकडा काढून घ्या आणि तो वहीच्या पहिल्या ओळीत लिहा. पिस्टनचा खर्च त्याच्या खाली.

आपल्या भागाची खास अडचण म्हणजे गाडी एका राज्याची आणि माणूस दुसऱ्या राज्यात. एमएच ०९ ची गाडी निपाणीत, केए २२ ची गाडी चंदगडात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवायची असेल तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि नव्या आरटीओत फॉर्म २७. मालकी बदलायची तर फॉर्म २९ आणि ३०. मूळ मालक वारले असतील तर वारसाच्या नावासाठी फॉर्म ३१. जुन्या गाड्यांची नोंद अनेकदा ‘वाहन’ या ऑनलाइन यंत्रणेत चढलेलीच नसते. आरटीओच्या भाषेत याला ‘बॅकलॉग’ म्हणतात, आणि ती नोंद चढल्याशिवाय पुढचा एकही फॉर्म सरकत नाही. हे काम मूळ आरटीओत होतं. इंजिन उघडून ठेवलं आणि मग कोल्हापूरला चकरा सुरू झाल्या, असं होऊ नये.

नंबर जुळवणं हे दुसरं काम. चासी नंबर हँडलच्या मानेवर, इंजिन नंबर इंजिनच्या केसिंगवर. आरएक्स-१०० चे नंबर १एल१ ने सुरू होतात. या गाडीत आरएक्स-१३५ चं इंजिन बसवण्याची फॅशन आपल्याकडे जोरात होती. इंजिन बदललेलं आणि आरसीवर नोंद नाही, तर तपासणीत गाडी अडकणार. विकत घेत असाल आणि नंबरावर घासल्याच्या, पुन्हा ठोकल्याच्या खुणा दिसल्या तर कितीही स्वस्त असली तरी हात जोडून परत या. ही गाडी चोरांचीही लाडकी होती.

कागद कुठल्याच मार्गाने उभे राहत नसतील तर गाडी भंगारवाल्याला तशीच देऊ नका. सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात दिली की जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि नोंदणी रद्द होते. नाहीतर गाडी गेली तरी नंबर तुमच्या नावावर फिरत राहतो.

इंजिन : घरी काय, लेथवर काय

बंद गाडीच्या किकवर उडी मारणारे बहुत. जाम झालेल्या इंजिनवर असं केलं तर किकचे दाते जातात आणि रिंग ब्लॉकला ओरखडे पाडते. प्लग काढा, भोकातून थोडं टू-टी ऑइल आणि डिझेल सोडा, दोन-चार दिवस जाऊ द्या. मग गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा. सुटलं तर ठीक, नाही सुटलं तर हेड आणि ब्लॉक काढायचा. या गाडीचा ब्लॉक इंजिन फ्रेममध्ये असतानाच निघतो, ही बजेटवाल्याच्या दृष्टीने मोठी सोय.

ब्लॉक निघाला की कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर-खाली ओढून पाहा. बाजूला किंचित हलणं चालतं, वर-खाली ढिलाई अजिबात नको. तशी असेल तर क्रँक गेला. मग इंजिन उतरवून केस फोडावी लागते, आणि हा क्रँक प्रेसने जोडलेला असल्यामुळे घरी हातोडीने करायचं काम नाही. तो प्रेसवर उघडून, डायल गेज लावून सरळ करावा लागतो. आपल्याकडे याची वानवा नाही. बेळगावचं उद्यमबाग किंवा कोल्हापूरची शिरोली, दोन्ही ठिकाणी मशीनशॉपमध्ये आयुष्य काढलेली माणसं आहेत.

बोअरिंगला देताना पिस्टन आधी घ्यायचा, मग ब्लॉक आणि पिस्टन दोन्ही सोबत द्यायचे. ब्लॉक पिस्टनच्या मापाने कापतात, पिस्टन ब्लॉकच्या मापाने शोधत नाहीत. ओव्हरसाइज ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० अशा पायऱ्यांनी येतात, म्हणून ०.२५ मध्ये भागत असेल तर ०.५० ला जाऊ नका. पुढच्या वेळेसाठी धातू शिल्लक राहू दे. आणि बोअर झाल्यावर ब्लॉकमधल्या पोर्टच्या कडा हलक्या हाताने मोडल्यात ना, हे बोटाने चाचपून बघा. फोर-स्ट्रोकची सवय असलेला कारागीर हे विसरतो. कड धारदार राहिली तर रिंग त्यात अडकते आणि नवा पिस्टन पहिल्या आठवड्यातच जातो. जोडताना पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला, रिंगांची तोंडं खाचेतल्या पिनांवर, सर्क्लिप नवीच, आणि सर्क्लिप बसवताना क्रँकच्या तोंडात कापडाचा बोळा. क्लिप आत पडली तर सगळं पुन्हा.

ज्याच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ती वस्तू म्हणजे क्रँकचे ऑइल सील. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की रबर ताठ होतं. क्लचकडचा सील गेला तर गिअरचं ऑइल ओढलं जातं, पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइल कमी होत जातं. मॅग्नेटकडचा गेला तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, आयडलिंग आपोआप चढतं आणि लांबच्या पल्ल्यात पिस्टन पकडतो. नवा पिस्टन घालूनही इंजिन पुन्हा जाम झालं तर सगळे पिस्टनच्या कंपनीला शिव्या देतात, कारण मात्र दीड-दोनशेच्या सीलमध्ये असतं. केस उघडलीच आहे तर सील आणि बेअरिंग बदलूनच बंद करा.

ऑटोल्यूबचा पंप बऱ्याच मेस्त्रींनी काढून फेकलेला असतो. असेल तर ठेवा, पण नळीतली हवा पूर्ण काढा, आणि पहिली टाकी संपेपर्यंत पेट्रोलमध्येही लिटरला २० मिली टू-टी ऑइल टाका. धूर जास्त येईल, येऊ दे.

कार्बोरेटर पूर्ण सुटा करून धुवा. जेटच्या भोकात तार घालू नका, भोक मोठं होतं. हवा मारा, फार तर नायलॉनचा धागा. रीड व्हॉल्व्हच्या पात्या उजेडासमोर धरून बघायच्या. फट किंवा चीर दिसली तर बदलायच्या. पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरमधली रबरं नवीच घ्या, कारण हे सगळं इथेनॉल मिसळण्याच्या जमान्याआधीचं आहे. आता पंपावर मिळणारं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पाणी ओढतं. खानापूर-आंबोलीच्या पावसात अर्धी भरलेली टाकी महिनाभर ठेवली तर गंज आतून परत येतो.

टाकी धुण्यासाठी आधी गरम पाणी आणि धुण्याचा सोडा, मग साधं व्हिनेगर भरून एक-दोन दिवस. सोबत आत थोडी बारीक खडी किंवा चेनचा तुकडा टाकून हलवा, तुकडे मोजून काढा. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवा आणि आतून ऑइल फिरवा. भोक असेल तर घरी वेल्डिंग अजिबात नको. रिकामी दिसणारी टाकीही वाफेने फुटते.

थांबणारी गाडी

पिकअपची गाडी आणि ड्रम ब्रेक, त्यामुळे इथं काटकसर नाही. जुन्या शूचं लायनर बरीच वर्षं उभं राहिल्यावर पत्र्यापासून सुटतं, म्हणून जाडी दिसली तरी भरवसा ठेवू नये. ड्रममधली धूळ फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. टायर पुढे २.५०-१८, मागे २.७५-१८. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गोटे शाबूत पण बाजूला चिरा, असा टायर फेकायचाच. हँडलचा कोन-सेट, फोर्कचे सील, स्विंगआर्मची बुश आणि सगळ्या केबल एकाच वेळी उरका.

पैसा कुठं आणि कुठं नाही

मजुरी स्वतःची धरली आणि क्रँक वाचला तर तीस हजारांची मर्यादा घालून काम सुरू करायला हरकत नाही. त्यातले सात-आठ हजार कागद, विमा आणि अडीअडचणीसाठी बाजूला काढा आणि विसरा. इंजिन, ब्रेक आणि टायर यातच उरलेल्यातला मोठा वाटा जाईल. क्रोम, स्टिकर, नवा सीट कव्हर हे गाडी पाचशे किलोमीटर पळाल्यावर. बाजारात ‘ओरिजिनल’ म्हणून मिळणाऱ्या डब्यांत नक्कल भरपूर. माझं मत सरळ आहे : इंजिनचा जुना जपानी भाग मापात असेल तर तोच घासून-पुसून बसवा, चकचकीत नव्या नकलेपेक्षा तो परवडतो. क्लचच्या डिस्क, सील, केबल मात्र नवे.

फ्रेमला पावडर कोटिंग करणार असाल तर चासी नंबरावर आधी पट्टी लावायला सांगा आणि तिथं घासू देऊ नका. कोटिंगवाल्याला नंबराची पडलेली नसते, तपासणी अधिकाऱ्याला असते. सायलेन्सर मूळचाच ठेवा. आतली जाळी काढून साचलेला कार्बन कॉस्टिक सोड्यात बुडवून साफ केला, हातमोजे आणि चष्मा घालून, की गेलेला दम बऱ्यापैकी परत येतो. आवाजाचा पाइप लावला तर पोलीस आणि आरटीओ दोघांनाही निमित्त.

रस्त्यावर आणण्याआधी थर्ड पार्टी विमा हवाच. ७५ ते १५० सीसीच्या गाडीला २०२२ च्या दराने वर्षाचा हप्ता ७१४ रुपये, कर वेगळा. पीयूसी आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लागते. नवा बोअर असल्यामुळे पहिले पाचशे किलोमीटर अर्ध्या ॲक्सिलरेटरच्या वर जायचं नाही, एकाच वेगात लांब पळवायचं नाही, डबल सीट घाट चढवायचा नाही. दर वीस-पंचवीस किलोमीटरला इंजिन थंड होऊ द्या. पाचशे झाल्यावर गिअर ऑइल बदला, हेडचे नट पुन्हा आवळा आणि प्लग काढून बघा. टोक तपकिरी असेल तर जेटला हात लावू नका. पांढरं पडलं असेल तर गाडी तिथंच थांबवून हवा कुठून शिरते ते शोधा, आणि शोध मॅग्नेटकडच्या सीलपासून सुरू करा.