कांदळवने वाढली, अधिवासाचे काय?

ठाण्याच्या खाडीत भरती चढू लागली, की चिखलावर पसरलेली गुलाबी रेघ आक्रसत जाते आणि काही वेळातच हजारो रोहित पक्षी एकाच वेळी आकाशात उठतात. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात त्यांचे अन्न असते. भरतीच्या वेळी मात्र त्यांना पाय टेकण्यासाठी उथळ पाण्याची निवांत जागा लागते. अशा अनेक जागा अभयारण्याच्या हद्दीत नसून पलीकडे, नवी मुंबईच्या पाणथळ भूमीवर आहेत. दिवसातून दोनदा हे पक्षी एका सरकारी खात्याच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जातात. किनारी वन्यजीवांसाठी गेल्या दोन दशकांत शासनाने काय साधले आणि काय राहून गेले, हे समजून घ्यायचे तर ही ये-जा ध्यानात ठेवावी लागते.

न्यायालयाचा आदेश आणि स्वतंत्र कक्ष

एके काळी तिवरांचे जंगल म्हणजे डासांचे आगर आणि कचरा टाकण्याची जागा, अशी समजूत शहरांत रूढ होती. भराव टाकून जमीन मिळवणे हाच तिचा उपयोग मानला जाई. ही दृष्टी बदलण्यास सुरुवात झाली ती न्यायालयात. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुप या संस्थेने केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी अंतरिम आदेश दिला. राज्यभरातील कांदळवनांची तोड थांबवावी, कांदळवनांभोवती ५० मीटर पट्ट्यात बांधकाम होऊ देऊ नये आणि सरकारी जमिनीवरील कांदळवने वनक्षेत्र म्हणून घोषित करावीत, असा त्याचा गाभा होता. त्याच वर्षी २६ जुलैच्या महापुराने मुंबईकरांना खाड्या आणि नदीमुखे बुजवल्याची किंमत दाखवून दिली होती.

या याचिकेचा अंतिम निकाल १७ सप्टेंबर २०१८ रोजी लागला. कांदळवनांचा नाश हा राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे न्यायालयाने नमूद केले. बेकायदा भराव टाकून नष्ट केलेली कांदळवने पूर्ववत करणे ही राज्याची जबाबदारी ठरवण्यात आली. आदेशांच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवण्यासाठी कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमण्यात आली.

दरम्यान, जानेवारी २०१२ मध्ये राज्याच्या वन विभागात स्वतंत्र 'कांदळवन कक्ष' स्थापन झाला. केवळ कांदळवनांसाठी असा कक्ष उभारण्याचा देशातील हा पहिला प्रयत्न होता. त्याचा परिणाम आकडेवारीत दिसतो. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या अहवालांनुसार राज्यातील कांदळवनांचे क्षेत्र २०१३ मध्ये १८६ चौरस किलोमीटर होते. ते २०१७ मध्ये ३०४ आणि २०२१ मध्ये ३२४ चौरस किलोमीटर झाले. २०२३ च्या अहवालात मात्र ते घटून सुमारे ३१५ चौरस किलोमीटरवर आले. राज्यातील सर्वाधिक कांदळवने रायगड जिल्ह्यात आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा 'राज्य कांदळवन वृक्ष' म्हणून घोषित झाला. असा वृक्ष ठरवणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य होय.

पैसा कोठून येतो?

किनारी अधिवासाच्या संवर्धनासाठी येणाऱ्या सरकारी निधीचे प्रवाह अनेक आहेत. केंद्राच्या 'वन्यजीव अधिवासांचा एकात्मिक विकास' या योजनेतून अभयारण्यांना साह्य मिळते. बहुतेक राज्यांसाठी त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के असतो. संकटग्रस्त प्रजातींच्या पुनरुज्जीवन कार्यक्रमात सागरी कासवांचाही समावेश आहे. १ फेब्रुवारी २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'मिष्टी' ही कांदळवन लागवडीची योजना जाहीर झाली. पाच वर्षांत सुमारे ५४० चौरस किलोमीटर क्षेत्र कांदळवनाखाली आणण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. तिचा भर भरपाई वनीकरण निधी आणि रोजगार हमीसारख्या योजनांची सांगड घालण्यावर होता. हरित हवामान निधीच्या साह्याने महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशा या तीन राज्यांत किनारी समाजांसाठी २०१९ पासून प्रकल्प राबवला जात आहे.

राज्याने २०१५ मध्ये कांदळवन व सागरी जैवविविधता संवर्धन प्रतिष्ठानची नोंदणी केली. किनाऱ्यावरील मोठ्या प्रकल्पांकडून भरपाईपोटी येणारा निधी या प्रतिष्ठानमार्फत संवर्धन, संशोधन आणि उपजीविकेच्या कामांना दिला जातो. दर वर्षीच्या अर्थसंकल्पीय तरतुदीवर विसंबून राहण्याची गरज त्यामुळे कमी झाली, हे या व्यवस्थेचे बलस्थान.

मात्र त्यातच एक पेच आहे. भरपाईचा निधी प्रकल्पांतून येतो आणि प्रकल्प अधिवासातून जातात. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी सुमारे २० हजार कांदळवन झाडे तोडण्यास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली, ती सार्वजनिक हिताचा प्रकल्प म्हणून आणि अटींसह. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार कांदळवनातून रस्ता गेल्यास बाधित क्षेत्राच्या किमान तिप्पट क्षेत्रावर भरपाई लागवड करावी लागते. त्याच अधिसूचनेने खासगी जमिनीवरील कांदळवनांभोवतीच्या ५० मीटर संरक्षक पट्ट्याची अट मात्र काढून टाकली. एका हाताने दिले जाते ते दुसऱ्या हाताने कमी होते, असे जाणकार म्हणतात ते यामुळेच.

गावाला वाटा मिळाला तर

सरकारी पाठबळ गावापर्यंत पोचते तेव्हा काय घडते आणि पोचत नाही तेव्हा काय घडते, याची दोन्ही उदाहरणे कोकणात आहेत. मालवण सागरी अभयारण्याची अधिसूचना १९८७ मध्ये निघाली. सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात प्रवाळ, मासे आणि अन्य सागरी जिवांची समृद्धी आहे. परंतु मासेमारीवर बंधने येतील, या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी अभयारण्याला विरोध केला. तो विरोध पुढे अनेक वर्षे टिकला आणि संरक्षणाचा मोठा भाग कागदावरच राहिला.

याउलट रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास. ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांची चोरी जेथे सर्रास होत असे, त्या किनाऱ्यावर चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये घरट्यांच्या रक्षणाचे काम सुरू केले. पुढे गावकरी आणि वन विभाग त्यात सामील झाले. पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी पर्यटक येऊ लागले, गावातील घरांत त्यांची राहण्या-जेवणाची सोय होऊ लागली आणि कासव हे गावाच्या मिळकतीचे साधन बनले. जानेवारी २०२२ मध्ये याच किनाऱ्यावरील 'प्रथमा' नावाच्या कासवाच्या पाठीवर उपग्रह संदेशक बसवण्यात आला. कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्था यांच्या या अभ्यासामुळे कोकणच्या कासवांचा समुद्रातील मार्ग प्रथमच उलगडू लागला.

शासनाच्या दोन योजना याच धड्यावर आधारलेल्या आहेत. २०१७ च्या 'कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजने'त खेकडापालन, कालवपालन, जिताडा पालन, शोभिवंत माशांची पैदास आणि निसर्ग पर्यटन यांसाठी गटांना ९० टक्के, तर व्यक्तींना ७५ टक्के साह्य देण्याची तरतूद करण्यात आली. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांच्या बचतगटाने होडीतून कांदळवनाची सफर घडवण्याचा व्यवसाय उभा केला, तोही याच विचारातून. डिसेंबर २०१८ मध्ये मच्छीमारांसाठी भरपाई योजना आली. कासव, डॉल्फिन, देवमासा यांसारखा संरक्षित प्राणी जाळ्यात अडकल्यास जाळे कापून तो सोडून देणाऱ्या मच्छीमाराला नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत रक्कम मिळते. सुटकेचे छायाचित्र वा चित्रफीत पुरावा म्हणून द्यावी लागते. जाळे कापले तर हंगाम बुडतो, या विवंचनेत असलेल्या कोळी कुटुंबाला कायद्याच्या धाकापेक्षा ही रक्कम अधिक बळ देते.

झाडे मोजली जातात, चिखल नाही

या सर्व प्रयत्नांचे यश बहुतेक वेळा झाडांच्या संख्येत वा कांदळवनाच्या क्षेत्रफळात मांडले जाते. मात्र उपग्रहाला दिसते ती हिरवी छाया. तिच्या घनतेबद्दल बोलायचे, तर २०२१ च्या अहवालात 'अतिदाट' कांदळवनाच्या वर्गात महाराष्ट्राच्या नावावर शून्य क्षेत्र होते. त्याहून महत्त्वाची बाब अशी, की किनारी अधिवास म्हणजे केवळ कांदळवन नव्हे. ओहोटीचा चिखल, वाळूचा किनारा, खाजणे, मिठागरे, प्रवाळ आणि उथळ तळी हे सर्व मिळून तो बनतो.

ठाण्याच्या खाडीत गाळ साचत गेला, तसतशी कांदळवने चिखलाच्या पट्ट्यांवर सरकत गेली. वन विभागाच्या नोंदीत ही वाढ ठरते. परंतु चिखलातील नीलहरित शैवालावर जगणाऱ्या छोट्या रोहितासाठी त्याचा अर्थ चरण्याची जागा आखडणे असा होतो. उघड्या चिखलावर रोपे लावणारी लागवड मोहीम त्यामुळे एका अधिवासाचे भले करताना दुसऱ्याचा घास घेऊ शकते.

पुनरुज्जीवनाचा अधिक विचारी मार्ग तमिळनाडूतील पिचावरमने दाखवला. तेथे पूर्वी झालेल्या सरसकट तोडीमुळे जमीन खचून खोलगट भाग तयार झाले. त्यात पाणी साचून क्षार वाढले आणि नवी रोपे तग धरेनात. एम. एस. स्वामीनाथन संशोधन प्रतिष्ठान आणि राज्याच्या वन विभागाने स्थानिकांच्या साह्याने तेथे माशाच्या काट्यासारख्या रचनेचे चर खोदले. भरतीचे पाणी खेळू लागले आणि उजाड भागात कांदळवन पुन्हा उभे राहिले. रोपे लावण्याआधी पाण्याची वाट मोकळी करावी लागते, हा त्याचा बोध.

हद्दीबाहेरचे तळे

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य ऑगस्ट २०१५ मध्ये अधिसूचित झाले. त्याच्या सुमारे १,६९० हेक्टरपैकी ८९६ हेक्टर कांदळवन, तर ७९४ हेक्टर जलक्षेत्र आहे. २०२१ मध्ये त्याभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र ठरले आणि २०२२ मध्ये सुमारे ६,५२१ हेक्टर क्षेत्राला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून निघणाऱ्या होड्यांमुळे हजारो शहरवासीयांनी हे पक्षी जवळून पाहिले.

एवढे संरक्षण असूनही एप्रिल २०२४ मध्ये नेरूळच्या 'डीपीएस तलाव' परिसरात काही रोहित मृतावस्थेत सापडले. भरतीचे पाणी आत येण्याच्या वाटा बंद झाल्याने तळे कोरडे पडल्याची तक्रार पर्यावरणप्रेमींनी केली होती. खाडीतले पक्षी भरतीला याच तळ्यावर येत. पण तळे अभयारण्यात नव्हते. पाठपुराव्यानंतर सुमारे ३० एकरांच्या या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास राज्य वन्यजीव मंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मंजुरी दिली. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आलेली ही तरतूद अभयारण्यांना जोडणाऱ्या वा लागून असलेल्या शासकीय जमिनींसाठीच आहे.

या निर्णयाचे मोल तळ्याच्या क्षेत्रफळापेक्षा मोठे आहे. चरण्याची आणि विसाव्याची जागा एकाच पक्ष्याच्या घराचे दोन भाग आहेत, हे त्यातून शासनाने मान्य केले. कायदा, कक्ष आणि निधी या तिन्ही गोष्टी महाराष्ट्राकडे आहेत, आणि फार थोड्या किनारी राज्यांना हे जमले आहे. आता गरज आहे ती पाठबळाचे माप बदलण्याची. किती रोपे लावली, एवढ्यावर न थांबता भरतीचे पाणी कोठवर पोचले, चिखल किती उरला आणि किनाऱ्यावरच्या गावाच्या हाती काय पडले, याचाही हिशेब दर वर्षी मांडला गेला पाहिजे. पुढल्या हिवाळ्यात रोहित परततील तेव्हा ते सातबारा पाहून उतरणार नाहीत. जेथे उथळ पाणी असेल, तेथेच उतरतील.